भंगारातला मॅग्नेट आणि खंडेनवमी

खंडेनवमीची सकाळ, अंधेरीची इंडस्ट्रियल इस्टेट, आणि मी रडायच्या बेतात... चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल.

बीएस्सी होऊन मी एका छोट्या कारखान्यात लागले होते. परदेशातून समेरियम-कोबाल्टचे ठोकळे यायचे, ते कापून आम्ही मीटरसाठी बटणाएवढे मॅग्नेट करायचो. जोर राक्षसाचा, पण स्वभाव पापडाचा... जरा आपटला की टवका उडालाच.

तुटके तुकडे डब्यात साठत राहायचे. हेच दळून, दाबून, भट्टीत भाजून नवे मॅग्नेट का नाही करायचे, असं मी एकदा साहेबांना बोलून बसले. मला गप्प बसवतच नाही ना! "खंडेनवमीपर्यंत एक तरी धड मॅग्नेट दाखव," साहेब म्हणाले, "नाहीतर डबा भंगारवाल्याला आणि तू पॅकिंगला."

पहिला घाणा पार फसला. मॅग्नेट कसला, साधी टाचणी धरेना.

भट्टीवर गावडेकाका होते, संपात गिरणीतली नोकरी सुटल्यावर आमच्याकडे आलेले, मूळचे मालवणचे. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "बाय, ह्यांचो जुनो जोर आधी जाऊक होयो. नायतर दळताना एकमेकांक सोडूचे नाय."

मी बीएस्सी, ते सातवी... आणि बरोबर तेच होते! तुकडे आधी तापवून त्यांचा जोर घालवला, मग दळले, दाबून भाजले आणि शेवटी नव्याने जोर भरला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक, फक्त एक मॅग्नेट धड निघाला.

पूजेला हातोड्या, पकडी, पाने मांडले होते. आरती झाली की मॅग्नेट जोर मोजायच्या मीटरवर तपासायचा, असं ठरलेलं. काकांनी मोठ्या मायेने त्याला कुंकू लावलं आणि ठेवला... नेमका मोठ्या पान्याशेजारी! एरवी मॅग्नेटजवळ लोखंड नेलं की आम्हाला ओरडणारा हा माणूस, देवासमोर सगळं विसरला.

खट्... मॅग्नेट उडी मारून पान्यावर बसला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

मी काकांवर अशी खेकसले की विचारू नका. ते बिचारे "मियां वाट लावलंय गे तुझी" एवढंच पुटपुटले.

साहेब खाली वाकले आणि अर्धा तुकडा ओढायला लागले. तुकडा सुटेना, पानाच उचलला गेला, वर झेंडूची पाकळी चिकटलेली! कसाबसा सोडवून त्यांनी तो मीटरवर धरला. काटा थेट परदेशी मालाच्या आसपास...

काका अजून मान खाली घालून उभे. "गावडे, तोंड काय पाडता? तुटला तर तुटला," साहेब हसत म्हणाले, "टाका त्याच डब्यात. ही परत बनवेल!"

पॅकिंगला मी कधीच गेले नाही. तिथली सगळी वर्षं भट्टीशेजारी, काकांच्या हाताखाली शिकण्यात गेली. पण त्या दिवशीच्या खेकसण्याची माफी मागायचं मात्र राहूनच गेलं.

काका, चुकलं माझं... मॅग्नेट झकास झाला होता.