सुनेचं वेबसाईटचं दुकान

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. समोरच्या घराचं दार उघडं असलं, आणि आपल्या घरी विरजण संपलेलं असलं की पुरतं! माझ्या समोर पल्लवी राहते. हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून दुकानदारांच्या वेबसाईटी बनवते. माझं शिक्षण दहावी, पण तिथे बसून बसून एक गोष्ट मला पक्की कळलीय. वेबसाईटच्या प्रत्येक पानाला वर एक पत्ता असतो, आणि लोक मोबाईलवर जे शब्द टाकून शोधतात तेच त्यात साधेपणानं घालायचे. बस्स. पण हे एका वाक्यात पटणारी माणसं नाशकात अजून जन्मायचीत.

आता, पल्लवीकडे येणारं गिऱ्हाईक सगळं ओळखीपाळखीतलं. सासूबाईंना, म्हणजे सुमनताईंना, हे काम वाटतच नाही. अंबडच्या एका कारखान्यात पल्लवीला ऑफिसची नोकरी लागत होती. कारखान्यानं दसऱ्यापर्यंत थांबायची तयारी दाखवली. सुमनताईंनी निकाल दिला, "तोवर परक्या माणसाचं एक तरी काम येऊ दे. नाहीतर हे बाड गुंडाळायचं!"

-----

एक वर्कशॉपवाले काका आले. नट-बोल्ट बनवतात. म्हणाले, "पत्त्यात आधी 'कुलस्वामिनी प्रसन्न' पाहिजे. लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर काय असतं?"

पल्लवी म्हणाली, "काका, बोल्ट शोधणारा माणूस कुलस्वामिनी टाकून शोधत नाही हो!"

"म्हणून तर त्याला चांगले बोल्ट मिळत नाहीत!"

-----

मसालेवाल्या ताईंचं वेगळंच. त्यांच्या गुरुजींनी पानाच्या पत्त्यासाठी अक्षर काढून दिलं होतं, 'झ'! पल्लवीनं दोन दिवस डोकं धरलं आणि 'झणझणीत-काळा-मसाला-नाशिक' असं करून दिलं. पान चाललं. श्रेय अर्थातच गुरुजींना.

पुढच्या आठवड्यात गुरुजी स्वतः हजर. "पूजा सांगतो, माझंही एक पान करा."

पल्लवीनं वही उघडली. "कुठल्या अक्षरावरून, गुरुजी?"

"छे छे! लोक शोधतात तेच टाका."

-----

द्वारका चौकाजवळचे साडीवाले शेठ दर सणाला शोकेस बदलतात, तसा पानाचा पत्ताही बदलायचे. एकदा तर पिशव्यांवर जुना पत्ता छापून झाला, आणि यांनी नवा टाकला. पिशवीवरचा पत्ता टाकला की 'पान सापडत नाही'.

पल्लवी तडकली. "शेठ, पाटी रंगवा हवी तेवढी. दुकान उचलून दुसऱ्या गल्लीत कशाला नेता?"

शेजारी बसलेल्या शेठाणी शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या हो. त्या पानावर माझाच फोटो होता, आणि वाईट आला होता!"

-----

हरसूलचे एक भाऊ पापड विकतात. त्यांना पल्लवीनं सांगितलं, "शहरातले लोक नाचणी टाकून शोधतात."

"आमच्याकडं नागलीच म्हणत्यात. नाचणी कोनी म्हणत नाय."

शेवटी दोन्ही शब्द घातले, पण नागली पुढे! पहिलाच फोन कॉलेज रोडच्या एका बाईंचा. "नागलीचेच आहेत ना? नाचणीचे घरात पडलेत."

-----

एवढं लोकांना शिकवणाऱ्या पल्लवीच्या स्वतःच्या पानाचा पत्ता काय असावा? 'नव्या-क्षितिजाच्या-वाटेवर'! मी मोबाईलवर 'नाशिक वेबसाईट कोण बनवतं' टाकून बघितलं. सगळं नाशिक आलं, समोरचं दार काही आलं नाही. लगेच जाऊन सांगितलं. आपल्याला राहवत नाही.

पल्लवीनं स्क्रीनवर स्वतःचं पान उघडलं. मग सुमनताईंना म्हणाली, "आई, देवळात बायका विचारतात ना सून काय करते म्हणून? तुम्ही काय सांगता?"

सुमनताई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय सांगणार! नाशिकमध्ये छोट्या दुकानांची वेबसाईट बनवते, म्हणते. घरच्या घरी!"

पल्लवीनं 'म्हणते' तेवढं गाळलं आणि बाकीचं पत्त्यात जसंच्या तसं टाकलं.

दसऱ्याला दोन दिवस होते. मी विरजणाला गेले होते. पल्लवीचे दोन्ही हात कणकेत. फोन वाजला, तो सुमनताईंनी उचलून स्पीकरवर टाकला. अंबडचा तोच कारखाना!

"हो हो, दसऱ्याला रुजू होईल," सुमनताईंनी परस्पर सांगूनही टाकलं.

"रुजू?" पलीकडचा माणूस गोंधळला. "नाही, आम्हाला वेबसाईट करून घ्यायचीय. मोबाईलवर शोधलं तर तुमचंच पान वर आलं. मॅडम आहेत का?"

सुमनताईंनी एकदा फोनकडे बघितलं. एकदा कणकेकडे.

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत," त्या ऐटीत म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत फुरसत नाही त्यांना, नंतर फोन करा."