ओढ्यापर्यंत चालणाऱ्या शेख मॅडम

शेख मॅडम शाळेत आल्या की आधी पाणी मागायच्या. तेही शाळेचंच. औसा तालुक्याच्या त्या गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या सरकारी शाळा त्यांच्या हाताखाली. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या गुरुजींनी विकतची बाटली पुढे केली. मॅडमनी ती बाजूला सारली. मी शाळेत खिचडी शिजवायचे. मला म्हणाल्या, "काकू, लेकरं पितात ते द्या." मी ड्रमातलं दिलं. त्यांनी ते संपवलं, तोंड वाकडं केलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "मैं तो एक बार पी. लेकरं रोज पितात." तेव्हापासून ड्रम धुताना गुरुजी स्वतः उभे राहू लागले.

त्यांचं घर औशाला, किल्ल्याजवळ. वडील शिंपी. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या गावात भूकंपात थोडीच घरं पडली, त्यातलं एक माझं. नवरा त्यातच गेला. तेही त्यांनी विचारलं नाही. तपासणी झाली की चुलीपाशी येऊन खिचडी खायच्या. मी शेजारी बसायचे. तेवढं बरं वाटायचं.

ओढ्यापलीकडचं गाव भूकंपात पूर्ण पडलं होतं. त्यांना नवीन गाव मिळालं, मोठी शाळा मिळाली. मिळायलाच पाहिजे होती. आमची शाळा नुसती तडकली, म्हणून ती कुणाच्या मोजणीतच आली नाही. लेकरं पत्र्याच्या शेडमध्ये बसायची. पुढे वरून सगळ्या शाळांना सारखंच द्यायचं ठरलं. तिकडे संगणक आला, आमच्याकडेही आला. आमच्याकडे वीज नव्हती. कोंबड्या बसू नयेत म्हणून मी त्याच्यावर जुनं लुगडं टाकलं.

मॅडम ते बघून हसल्या. "काकू, अब्बा बोलते थे, सबकू एकीच माप का कुर्ता सिये तो एक का पेट उघडा, दुसरे का पाँव अटकता."

मग लातूरच्या क्लासचं वेड आलं. ज्याला झेपलं तो लेकरं घेऊन लातूरला गेला. आई तिकडे खोली करून, बाप इकडे शेतात. आमच्या शाळेत उरली ती न झेपणाऱ्यांची लेकरं, त्यात पोरीच जास्त. माझी नात सोनी तेव्हा पहिलीत. तिची आई बाळंतपणात गेली, बाप ट्रकवर. पोर माझ्याजवळ. अशात वरून हुकूम आला, पट कमी झाला, शाळा बंद करा, लेकरं ओढ्यापलीकडच्या शाळेत घाला. पोरं सायकलवर लांबून वळसा घालून गेली असती. पोरी घरी बसल्या असत्या. मी सोनीला त्या ओढ्यातून पाठवणार नव्हते, सरळ सांगते.

शाळा बंद करायचा कागद आला की शेख मॅडमची एक रीत होती. शाळेतलं सगळ्यात लहान लेकरू पुढे घालायचं आणि त्याच्या चालीने नव्या शाळेपर्यंत जायचं. मध्ये घाई करायची नाही, हात धरायचा नाही. लातूरला गुणवंतांच्या सत्काराला पुण्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले होते. मॅडम त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आल्या. दिवस पावसाचे. सगळ्यात लहान सोनीच होती. पुढे सोनी, मागे साहेब, मॅडम, सरपंच, आणि सगळ्यांच्या मागे मी.

ओढ्याशी सोनी थांबली. पाण्याकडे बघितलं, मग साहेबाकडे. "मला कडेवर घ्या की. बूट काढा आधी."

साहेब बुटांकडे बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, नकाशावर हे अंतर नियमात बसतंय."

"नकाशात पाणी न्हाई, साहेब."

"नियम सगळ्यांना सारखाच लावावा लागतो."

"लावा की. ओढा सारखा कुठून आणणार?"

सरपंचाची नातवंडं लातूरलाच होती. तो मध्ये पडला, "मॅडम, एवढ्याशा लेकरांपायी कशाला डोकं लावायलात? सत्काराला चला, फोटो निघंल."

"ज्यांचा सत्कार हाय ते पोचलेत, सरपंच. मला हिला पोचवायचंय."

सोनी म्हणाली, "तुम्ही भांडायलात का?" साहेब चिखलातून परत फिरले.

पूल होईपर्यंत शाळा ठेवा, असा कागद आला. पाठोपाठ मॅडमच्या बदलीचा आला. लांब, किनवटला. कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला ते विचारायची गरज नव्हती. निरोपाला गाव जमलं नाही. सोयाबीनची काढणी चालू होती. फाट्यावर मी एकटीच गेले.

"काकू, तिकडं इस्लापूरच्या बाजूला शाळा लई लांब लांब हायत म्हणे."

"मग मरा चालून," मी म्हटलं. त्या हसल्या आणि बस आली.

अधूनमधून फोन यायचा. तिकडच्या जंगलातल्या वाड्यांचं बोलायच्या, सोनीचं विचारायच्या. नोकरी संपल्यावर नांदेडला भाचीकडे राहिल्या. मग फोन बंद झाले. औशाच्या बाजारात त्यांच्या गल्लीतली एक बांगडीवाली भेटली, तिने सांगितलं, गेल्या. मला कळलं तेव्हा दफन होऊन बरेच दिवस झाले होते.

सोनी आमच्याच शाळेत चौथी झाली. तोवर पूल झाला, ती पलीकडच्या शाळेत गेली आणि आमच्या शाळेला कुलूप लागलं. आता ती लातूरला आहे, डॉक्टरकीच्या क्लासला. बाप ट्रक चालवून भागवतो. बाजारातून आले आणि तिला फोन लावला.

"सोने, शेख मॅडम गेल्या."

"कोण शेख मॅडम?"

सांगायला लागले असते तर ओढ्यापासून सांगावं लागलं असतं. म्हटलं, "होत्या एक."

"बरं. आजी, क्लासची वेळ झालीय, ठेवू?"

"ठेव. वेळेवर जा," मी म्हटलं. तिने आधीच ठेवला होता.