काकूंची टाकी

आमच्या शेजारच्या काकू निर्जीव वस्तूंशीही बोलतात. माशांसाठी चार फुटी काचेची टाकी आणली, तेव्हा त्या हॉलच्या खचलेल्या फरशीला म्हणाल्या, "तुले आज ऐकावंच लागन."

स्टँडखाली पाचरी ठोकून आम्ही टाकी ठेवली आणि अर्धी भरली. पाणी एका कोपऱ्यात बोटभर वर चढलं.

"एवढं चालतं, काकू."

"काहून घाई करून राहिला गा? काचेवर जोर येते. फुटली तं मासे कुठं जातीन?"

त्यांनी बादल्यांनी सगळं पाणी उपसलं, पाचरी बदलल्या, पुन्हा टाकी भरली. संध्याकाळी पाणी चारही कोपऱ्यांत सारखं थांबलं. मासे यायचे होते, तरी आम्ही दोघं समोर बसून राहिलो. इतकं शांत उभं पाणी मी कधीच पाहिलं नव्हतं.