मी न घेतलेली दुनळी

आमच्या आरमोरीकडच्या पट्ट्यात माझी ख्याती दयाळू माणूस म्हणून आहे. हातात आलेली बंदूक मी पंचशीलासाठी परत केली, असं लोक सांगतात. विहारात माझा सत्कारही झाला. शाल चांगली उबदार आहे. ती मिळाली कशी, तेवढं आता सांगून टाकतो.

रानडुकरं धान लोळवायची. मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ, दोघांकडेही पीकरक्षणाचा परवाना होता, बंदूक मात्र नव्हती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे डुकरांना आमच्याआधी कळतं. आमच्याकडे तर त्यांना बारमाही निवडणूक होती.

सावलीला एका जुन्या मालगुजाराच्या घरी दुनळी बंदूक विकायला निघाली. आम्ही दोघं गेलो. अक्रोडाचा दस्ता, त्यावर कोरलेलं हरीण. मी नवऱ्यामुलासारखा तिच्याकडे बघत होतो. मग नळ्या उलटवल्या. खाली पासष्टचा आकडा, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराची लांबी, मिलिमीटरमध्ये.

नागपूरच्या दुकानदाराने मला आधीच बजावलं होतं: हल्लीचं काडतूस सत्तर मिलिमीटरचं. जुन्या आखूड घरात ते मुकाट्याने बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की तोंड उघडतं, त्याला जागा उरत नाही, आणि सगळा दाब जुन्या नळीवर येतो.

एवढंच सांगायचं होतं. पण समोर मालगुजाराचा मुलगा, चहा, चार प्रतिष्ठित. त्यांच्या आजोबांच्या बंदुकीला खोट कशी काढायची? मी डोळे मिटून म्हणालो, "जीव घेणं आपल्या शीलात बसत नाही."

लगेच सगळे गंभीर झाले. चुलतभाऊ हसला.

"भाऊ, तुमी तं भंतेच झाले! मंग मी घेतो. माह्या धानाले शील नाई समजत."

त्याने तपासायला आणलेलं नवं काडतूस खिशातून काढून घालून पाहिलं. "पाहा, कसं मस्त बसलं!"

बोललो असतो, तर नुकतंच मिळालेलं भंतेपण गेलं असतं. मी चहा प्यायलो.

पहिल्याच बाराला नळी फाटली. डुक्कर सुखरूप गेलं. चुलतभावाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. गावाने निकाल दिला: भाऊचं ऐकलं नाही, शील मोडलं, फळ मिळालं. मी निकालाविरुद्ध अपील केलं नाही. उलट अहिंसेवर भाषणं केली. बरी व्हायची.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायरीवर चुलतभाऊ आपला हात दाखवून नव्या सुनेला सांगत होता, "भाऊचं ऐकलं असतं, तं हे पाप लागलं नसतं."

मला ते ऐकवेना. तिथेच सगळं सांगितलं. शील नव्हतं, पासष्ट होतं.

त्याने दाखवायला धरलेला हात खाली घेतला.

"म्हंजे पाप नाई. काडतूसच लांब होतं?"

"हो."

"आन् मी इतकी वर्सं पहिलं शील म्हणताना मान खाली घालून राह्यलो. काऊन नाई सांगतलं तवा?"

"तू मला भंते म्हणालास."

"मजाक केली होती भाऊ मी!"

आत वंदना सुरू झाली. तो माझ्या शेजारीच बसला, पण सरकून. जीव न घेण्याचं पहिलं शील त्याने मान वर करून, खणखणीत म्हटलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. तेव्हा त्याने म्हणणं थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे कान केला.