पिवळीचे सहा आठवडे

बाळ बावन्न वर्षांचा होता. पाणीपुरवठा खात्यात तो मीटर तपासायचा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला त्याला तळहाताएवढं टक्कल पडलं होतं. तरी सगळी बिल्डिंग त्याला बाळच म्हणायची. कारण त्याची आई अजून चौथ्या मजल्यावरून "बाळ, मफलर!" असं ओरडायची आणि तो मुकाट्याने जिना चढून परत यायचा.

आई शहात्तरची. चाळीस वर्षं तिने एका शिंप्याकडे काजं केली. सुई टोचून टोचून दोन बोटं टणक झाली होती आणि गुडघे कामातून गेले होते. म्हातारपणी जरा पाय पसरून बसावं म्हटलं, तर बाळने पुढच्या खोलीत माशांच्या सहा टाक्या मांडल्या. छंद बाळचा, बादल्या आईच्या. दर शनिवारी टाक्यांचं निम्मं पाणी बदलायचं, रोज सकाळी बाटलीतल्या खारट पाण्यात इवल्याशा कोळंब्यांची अंडी उबवायची आणि त्या गाळून माशांच्या पिल्लांना घालायच्या, हे सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. बाळ मार्गदर्शन करायचा.

तिची धाकटी बहीण तळ्याकाठच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. तीन वर्षं तिने एकच टुमणं लावलं होतं, "ताई, ये की कायमची. दोघी मिळून राहू." आईच्या फार मनात होतं. बाळही मोठ्या मनाने म्हणायचा, "जा ना, मी कुठे अडवलंय?" आणि संध्याकाळपर्यंत त्याला सर्दी व्हायची. तीनदा बॅग भरली, तीनदा रिकामी झाली. आणि खरं सांगायचं तर, ती रिकामी करताना आईला आतून बरंच वाटायचं. 'माझ्यावाचून पोराचं पान हलत नाही हो' असं शेजारणीला सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय तेज यायचं!

या वेळी मात्र बहिणीने निर्वाणीचं सांगितलं. दोन महिने वाट बघीन, नाहीतर ती खोली भाडेकरूला देईन.

त्याच आठवड्यात तिसऱ्या टाकीतल्या पिवळीने अंडी घातली. पिवळी म्हणजे बुटक्या सिक्लिड जातीची मादी, करंगळीपेक्षाही लहान. एरवी मातकट दिसायची, पण अंडी घातली की लिंबासारखी पिवळीधमक. फुटक्या कुंडीच्या आत, छताला अंडी चिकटवून ती दारातच ठाण मांडून बसली. नवरा अंगाने दुप्पट, पण तिने त्याला असा झोडपला की तो फाटक्या शेपटीनिशी हीटरच्या मागे तोंड लपवून राहिला. मग पिल्लं झाली, चाळीस-पन्नास, स्वल्पविरामाएवढी. पुढे ती, मागे लेंढार. तिने जरा पर झटकले की सगळी पिल्लं तळाशी चिडीचूप.

रविवारी बाळच्या हौशी मत्स्यमंडळाचे दोन सभासद पिवळीला बघायला आले. "याला म्हणतात आई!" बाळ टाकीकडे बोट दाखवत म्हणाला. "खाण्याची शुद्ध नाही, झोपेची नाही, नुसती पिल्लं!" आणि मागे न बघताच त्याने चहासाठी हात लांब केला. कप हातात आला. कोणी दिला हे वळून बघायची वेळ त्याच्यावर बावन्न वर्षांत आली नव्हती.

सहाव्या आठवड्यात पिवळीचा रंग उतरला आणि ती पोटच्या पिल्लांनाच ढुशा मारू लागली. दोन पिल्लांच्या शेपट्या फाटल्या. बाळ हादरला.

"आई, जाळं आण! वेड लागलंय हिला!"

त्याने मंडळातल्या दाढीवाल्या जाणकाराला फोन लावला. दाढीवाला एवढा खो खो हसला की शेजारी जाळं घेऊन उभ्या असलेल्या आईलाही ऐकू आलं. "वेड कसलं? तिचं काम संपलं. नदीत असती तर पिल्लं केव्हाच पांगली असती. तुझ्या काचेत जातील कुठे? उचल त्यांना, नाहीतर मारून टाकेल."

बाळने पिल्लं जाळ्याने उचलून नव्या, सातव्या टाकीत सोडली. म्हणजे आणखी एक बादली वाढली. "सुटली बिचारी," तो घाम पुसत म्हणाला.

आई जाळं धूत होती. "किती दिवस सांभाळलं रे तिनं?"

"सहा आठवडे."

"आणि केवढी झालीत ती?"

"असतील सेंटीमीटरभर. का गं?"

आईने त्याला टकलापासून चपलांपर्यंत नीट न्याहाळलं. "काही नाही. तू पाच फूट आठ इंच ना?"

बाळला यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी पलंगावर बॅग दिसली तेव्हा मात्र लख्ख कळलं आणि शिंका सुरू झाल्या.

सकाळी तो मफलर गुंडाळून दारात उभा राहिला. "ताप आहे बहुतेक."

आईने त्याच्या कपाळाला हात लावला. आजवर तो हात लागला की बाळ आजारी ठरायचा. "गार आहे," ती म्हणाली.

"पण टाक्यांचं काय? कोळंब्या कोण उबवणार?"

"तूच म्हणालास ना, याला म्हणतात आई? मी बघितलं हो सगळं. शेवटपर्यंत बघितलं."

तिने बॅग उचलली. गुडघे कुरकुरत होते, मन त्याहून जास्त. दुसऱ्या मजल्यावर पोचते तो वरून शिंका ऐकू आल्या. एक, दोन, तीन. आपल्यासारखी दुष्ट बाई नाही, असं वाटून तिने बॅग खाली ठेवलीसुद्धा. तेवढ्यात बाळने कठड्यावरून वाकून हाक मारली.

"आई! माझे मोजे कुठे आहेत?"

बरं झालं त्याने मोजे विचारले. नुसता रडला असता तर ती दोन मजले परत चढली असती.

"शोध!" ती ओरडली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. मग बॅग उचलून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत ती खाली गेली.