नीलिमाने ठेवलेला काडतुसांचा निरोप

नीलिमा इथे सिंगापुरात, आंग मो किओ भागात, आमच्याच ब्लॉकमध्ये चार मजले वर राहते. मूळची सांगलीची. विद्यापीठात जुन्या धातूंवर संशोधन करते. एकटीच असते, भाजी करपवते, कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. तरी आमचे हे ऑफिसातून आले की आधी तिला मेसेज, मग माझी चौकशी. कारण कोल्हापूरच्या घरातलं आजेसासऱ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर. सिंगापुरात तसलं काही बाळगायची सोय नाही, म्हणून हे फोटोवरच भूक भागवतात. नीलिमा तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहते, आणि हे तिच्याकडे. दादा म्हणते ती ह्यांना, हे खरं.

त्याचं लायसन धाकट्या उन्मेषभाऊजींच्या नावावर आहे. दरवर्षी खंडेनवमीला रायफल क्लबच्या रेंजवर एक बार काढायचा आणि मग घरी पूजा, ही रीत. यंदा जुनी काडतुसं संपली. भाऊजींनी नवी आणली, अगदी बरोबर बसली म्हणे.

षष्ठीला नीलिमा बॅग घेऊनच दारात आली. तिला परिषदेसाठी पर्थला जायचं होतं. हे फुलं आणायला गेले होते, म्हणून मलाच म्हणाली, "ताई, बसतात म्हणजे चालतात असं नसतं. ते काळ्या दारूसाठी घडवलंय. नव्या काडतुसांचा दाब फार जास्त, सिलिंडर फुटेल हातात. जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय एकही बार नको. परिषदेत माझा फोन बंद असेल, दादांना तुम्हीच आठवणीने सांगा."

मी मानेनेच हो म्हटलं, आणि सांगितलं नाही. नवरात्रात आरतीपर्यंत माझं मौन असतं, ही सबब सकाळपुरती झाली. संध्याकाळी तोंड मोकळंच होतं. पण तिच्या हुशारीची आरती मीच ओवाळायची, हे जिवावर आलं. आज नको, उद्या सांगू, असं करत नवमी उजाडली.

ह्यांनी रजा घेतली होती. आरती व्हायची होती, मी वाती वळत होते. तेवढ्यात भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला, रेंजवरून. मागे त्यांची लेक जाई कानांवर हात ठेवून हसत उभी. भाऊजी म्हणाले, "दादा, बघ हं आता."

देवीकडे पाहायचीही हिंमत झाली नाही. मौन मोडलं.

"भाऊजी, थांबा. ती काडतुसं घालू नका. नीलिमा म्हणालीय, फुटेल."

ह्यांनी फोनवरची नजर माझ्याकडे वळवली. "कधी म्हणाली?"

"षष्ठीला."

रागावले असते तर बरं झालं असतं. तिचा शब्द न् शब्द माझ्याकडून वदवून घेऊन त्यांनी भाऊजींना सांगितला. तिथल्या कारागिराने दुपारी सिलिंडर काढून पाहिला, तर केसाएवढी चीर. आता काळ्या दारूचंसुद्धा काडतूस नाही, फक्त हळदकुंकू, असं भाऊजींनी ठरवलं.

रात्रभर जाईचा चेहरा दिसत राहिला. देवीची क्षमा मागितली, जाईची मागायची अजून राहिलीय.

दसऱ्याला नीलिमा परतली. तिला जेवायला मीच बोलावलं. श्रीखंड वाढताना हात आखडला नाही, एवढं देवाशपथ लिहिते. मात्र हे पाट घेऊन तिच्या शेजारी बसायला निघाले, तेव्हा मी त्यांना पुऱ्या तळायला आत बोलावलं.