दुखणं थांबल्यावर

दातांच्या डॉक्टर बाईंनी एक्सरे पडद्यावर मोठा करून दाखवला. माझ्या दाढेच्या मुळाशी मसुराएवढा काळा डाग होता.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही. इथे हाड असायला हवं होतं."

दोन वर्षांपूर्वी ही दाढ आठवडाभर ठणकली आणि आपोआप थांबली. "बघ, डॉक्टरशिवाय बरी झाली," असं मी बायकोला ऐटीत सांगितलं होतं. खरं तर तेव्हा दाढेची नस मेली होती आणि जंतू मुळातून खाली उतरले होते.

"म्हणजे जंतूंनी हाड खाल्लं?"

"त्यांनी नाही, तुमच्याच पेशींनी. हाड झिजवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतातच, भरणाऱ्याही असतात. जंतू ठाण मांडून बसले की झिजवणाऱ्यांना सारखं बोलावणं जातं. शरीर स्वतःला वाचवायला हाड मागे घेत राहतं."

मी जिभेने दाढ चाचपली. ती घट्ट होती. दोन वर्षं मी तिने ऊस चावला, आणि आत माझंच शरीर माझ्या भल्यासाठी मला पोखरत होतं. धाकट्या भावाशी होणारी भांडणं थांबली, तेव्हाही मला असंच हायसं वाटलं होतं. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

बाईंनी मुळं साफ करून दाढ भरली. हाड परत येतं का, ते सहा महिन्यांनी कळणार होतं.

"मधे दुखलं तर येतो," मी म्हणालो.

"नाही दुखलं तरी या," त्या म्हणाल्या.